तिसरा हीटर

वच्छलाबाईला मी आवडत नव्हते आणि मला वच्छलाबाई आवडत नव्हती. एवढ्या एका बाबतीत आमचं दोघींचं चांगलं जमायचं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक सुताचा कारखाना आहे. त्याच्या कँटीनमध्ये भांडी धुणाऱ्या बायांची ती मुकादम आणि तिथलं भांडी धुण्याचं मशीन सांभाळणारी मी. मी उज्ज्वला राठोड, दिग्रसजवळच्या तांड्यावरची. आयटीआय केलं आणि यवतमाळच्या एका एजन्सीत सर्व्हिसला लागले. होस्टेलांच्या मेस, मंगल कार्यालयं, मोठी हॉटेलं, जिथं जिथं आमच्या एजन्सीनं मशीन बसवलं तिथं तिथं पान्या-पेचकसांची पिशवी घेऊन एसटीनं जायचं, बिघडलं ते दुरुस्त करायचं आणि वर चार शब्द ऐकून यायचं. चार शब्द मी ऐकून येत नाही, ऐकवून येते, अशी माझी ऑफिसात ख्याती आहे. ती खोटी नाही.

त्या बुधवारी तर मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. कारण कँटीनच्या मशीनचा दुसरा हीटर जळाला होता. पहिला जळाला तेव्हा एजन्सीचे मालक कपिलभाऊ नुसते कुरकुरले. दुसरा जळाला तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसही म्हटलं नाही.

"आता तिसरा जळाला तं कारखाना मशीन वापस करते," ते म्हणाले. "अन् मशीन वापस आलं तं तू बी फील्डवरून वापस. बस मंग काउंटरवर फोन उचलत. नाही जमलं तं तांड्यावर जाय कापूस येचाले."

"हीटर मी जाळला का भाऊ?"

"मशीन तुयं, हीटर तुया. कोनं जाळला ते तू पाह्य."

हे ते आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकला बोलले नसते. ते सगळे पुरुष आहेत, त्यांचे हीटर आपोआप जळतात. मला काउंटरवर बसायचं नव्हतं. फोन उचलायची लाज नाही, पण पत्रा उघडला की आतली गडबड जिला दिसते, तिनं दिवसभर 'सर मीटिंगमध्ये आहेत' म्हणत बसायचं? घरी याडीला, म्हणजे आईलाही, मी हे सांगितलं नव्हतं. आई म्हणाली असती, बरं झालं, उन्हातलं हिंडणं संपलं.

मशीन तसं साधं आहे. कपाटाएवढी स्टीलची पेटी. ताटांनी भरलेला जाळीचा रॅक आत सरकवायचा, वरचा हूड खाली ओढायचा, की आत फिरणाऱ्या दांड्यांतून गरम पाण्याचे फवारे सुटतात. खाली पाण्याची टाकी आणि टाकीत हीटर. हीटर कायम पाण्यात बुडालेला पाहिजे. पाणी नसताना तापला की एखाद्या वेळी निभावतो, पण शेवटी जातोच. महागड्या मशीनमध्ये तो आपोआप बंद होतो, पण कारखान्यानं घेतलं होतं सगळ्यात स्वस्तातलं, आणि आमच्या कपिलभाऊंनी ते हसत हसत विकलं होतं. म्हणून मी मशीनवर लाल अक्षरांत पाटी लावली होती: बटणांना हात लावू नये. सकाळी चालू आणि रात्री बंद, ते कँटीनचे ठेकेदार रामरावभाऊ करतील. बाकीच्यांनी ताटं लावायची आणि ताटं काढायची.

ही पाटी वाचून वच्छलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आमी का लहान लेकरं हाओ?"

"लेकरं बरी," मी म्हटलं होतं. "ते ऐकतात."

तिथून पुढं आमचं असंच.

हीटरबद्दल मी दोन रात्री विचार केला आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोन्ही वेळा हीटर जळाल्याचा फोन बुधवारी दुपारी आला होता. बुधवारी कँटीनमध्ये अंडाकरी असते. अंड्याचा आणि हीटरचा काय संबंध, ते मला कळेना. पण बुधवारी त्या धुण्याच्या खोलीत काहीतरी होतं आणि ते वच्छलाबाईला माहीत होतं, याबद्दल मला शंका नव्हती. ती मुद्दाम जाळते, असंच माझं मत होतं. मशीन गेलं की तिच्या हाताखाली पुन्हा सहा-सात बाया येतील आणि ही पुन्हा मोठी मुकादम होईल. मशीन आल्यापासून तिच्याकडं दोघीच उरल्या होत्या.

नवा हीटर मी सोमवारीच बसवला होता. बुधवारी सकाळी मी पुन्हा हजर झाले, तशी वच्छलाबाईनं कपाळाला हात लावला.

"आली का? परवाच तं गेलती. घरदार नाही का वं तुले?"

"तुमची आठवन आली मावशी."

"मावशी म्हनू नोको. मायी बहीन तुया मायसारखी नाही."

माझ्या आईचं नाव तिनं काढायला नको होतं. तिनं आईला पाहिलेलंही नव्हतं. तांड्यावरची म्हणजे काय, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं. मी दात आवळले, स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसले. जेवणाची पहिली पाळी सुटली. ताटं धुण्याच्या खोलीला हॉलच्या बाजूनं एक खिडकी आहे. कामगार जेवले की उष्टी ताटं त्या खिडकीत ठेवतात. वच्छलाबाई ताटं घ्यायची, खरकटं पिपात झटकायची, रॅकमध्ये लावायची. हात भराभर चालत होते, आणि तोंडही.

"बसली पाह्य सासूसारखी. पोलीस लावला आमच्यावर."

मी तासभर बसले. काहीच झालं नाही. टाकीतलं पाणी गढूळ होत गेलं, ते व्हायचंच. मशीन मात्र मजेत चाललं होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बसलेली असताना ती कशाला काय करेल?

"गच्चीवरची टाकी पाहून येतो," मी म्हटलं आणि पिशवी तिथंच ठेवून निघाले. जिन्याकडं गेले नाही. वळसा घालून हॉलमध्ये आले आणि कामगारांच्या रांगेच्या आडून खिडकीतून आत पाहत उभी राहिले.

अंड्याची ताटं संपली होती. आता वरण-भाजीवाल्यांची यायला लागली होती. वच्छलाबाईनं दाराकडं पाहिलं. हूड वर ढकलला. कोपरापर्यंत हात आत घातला आणि टाकीतली उभी नळी उपसून काढली. ती नळी काढली की टाकीतलं सगळं पाणी मोरीत जातं. मशीनचा लाल दिवा चालूच होता. म्हणजे हीटर चालू. पाणी भसाभसा उतरत होतं आणि माझा हीटर, माझा नवा कोरा हीटर, पाण्यातून वर येत होता.

मी धावत आत शिरले आणि आधी मेन स्विच पाडला. मग तोंड सोडलं.

"धरलं! मशीन चालू ठेवून पानी सोडून राह्यल्या! तुमीच जाळले ना दोन्ही हीटर?"

ती दचकली. हातातली नळी तिनं लपवलीसुद्धा नाही. मग पहिल्यांदाच ती माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"वरडू नोको. मांगं नळावर चाल. सांगतो तुले काहून सोडतो ते."

हळू आवाज ऐकून मला वाटलं, सापडली, आता हातापाया पडेल. आणि मला ते एकटीनं ऐकायचं नव्हतं. वर्षभर ही मला दोन्ही बायांसमोर घालून पाडून बोलली होती. आता सगळ्यांसमोर होऊ दे.

"मांगं कायले? इथंच सांगा. रामरावभाऊ! ओ रामरावभाऊ! इकडे या!"

"पोरी, ऐक मायं. इथं नोको."

"इथंच!"

रामरावभाऊ हात पुसत आले. खिडकीपाशी ताटं घेऊन उभे असलेले कामगार आत डोकावायला लागले. मागचे पुढं सरकले. भांडण फुकटात पाहायला मिळतंय म्हटल्यावर कोण हलतो?

"हे पाहा," मी रामरावभाऊंना म्हटलं. "मशीन चालू असताना यायनं टाकी खाली केली. हीटर कोरडा तापून जळते तो असा. कारखाना आमाले नावं ठेवते, कपिलभाऊ मले नावं ठेवते, अन् जाळते कोन? ह्या!"

"मले काय मायीत हीटर जळते म्हनून?" वच्छलाबाई उसळली. "मले कधी सांगतलं तुनं?"

"पन पानी काहून सोडलं वो वच्छलाबाई?" रामरावभाऊंनी विचारलं.

वच्छलाबाईनं खिडकीकडं पाहिलं. तिथं पाच-पंचवीस तोंडं होती. ती म्हणाली, "घान झालतं."

"घान झालतं!" मला हसू आलं, कसलं तरी वाईट हसू. "पाळी संपेपर्यंत थे घानच राह्यते! तसंच बनवलं मशीन! दर रॅकले पानी बदलाचं असतं तं बोअर आटली असती कवाच!"

"चूप बस," वच्छलाबाई म्हणाली. "तुया पाया पडतो, चूप बस."

पण मी आता ऐकणारी नव्हते. मला सिद्ध करायचं होतं. तिचा अडाणीपणा, माझा बरोबरपणा, सगळं एकदाच. टाकीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी काचेचा ग्लास घेतला, त्यात ते भरलं आणि उजेडात धरलं. पिवळट, वर तेलाचा तवंग, मधे कोथिंबिरीचं पान.

"हे पाहा. हेच पानी वर जाते, फवारते, खाली येते. पुन्हा वर जाते. सगळ्या रॅकले हेच पानी. याच्यात साबन राह्यते, कडक गरम राह्यते, काही होत नाही. मंग शेवटी ताज्या पान्याचा फवारा येते, उकळत्या. हे कायद्यानं बरोबर हाय. बदलाची गरजच नाही!"

मी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, पटलं सगळ्यांना.

खिडकीत सगळ्यात पुढं बापूजी नावाचा एक म्हातारा कामगार होता, गळ्यात तुळशीची माळ. त्याच्या हातात धुवायला आणलेलं ताट होतं. त्यानं ग्लासकडं पाहिलं, मग ताटाकडं.

"म्हंजे अंड्याच्या प्लेटा बी याच पान्यात?"

"हो, पन शेवटी..."

"अन् त्याच पान्यात मायी?"

"शेवटी ताजं पानी येते ना दादा! उकळतं! घरी हातानं धुतलेल्या ताटापेक्षा स्वच्छ..."

"घरी आमच्याच ताटायचं पानी असते, बाई," बापूजी म्हणाला. "अन् इथं सगळ्यायच्या उष्ट्याचं."

सगळ्यायच्या. तो शब्द त्यानं जसा उच्चारला आणि उच्चारताना हॉलमधल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर त्याची नजर जशी फिरली, ते मला कळलं. तांड्यावर वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं. तो अंड्याबद्दल बोलत नव्हता. तिथं कोण कोण जेवतं, ते तो मोजत होता. आणि त्याच्या मागं उभी असलेली माणसंही मोजायला लागली होती. ज्यांना मोजलं जात होतं त्यांनाही ते समजलं. त्यांच्यातला एक जण ताट तिथंच टेबलावर आपटून निघून गेला.

बापूजीनं ताट खिडकीत ठेवलं नाही. खाली जमिनीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन चूळ भरली. तो आवाज आत ऐकू आला. मग दुसऱ्यानं चूळ भरली. दुसरी पाळी जेवायला बसलीच नाही.

"मशीनच्या आंधी टपात धुवाच्या तवा काय गंगेचं पानी होतं का?" मी ओरडले. "टपात बी सगळ्यायच्याच प्लेटा होत्या!"

उत्तर दिलं ते वच्छलाबाईनं, माझ्याकडं न पाहता. "टपातलं पानी बदललेलं लोकायले दिसते. पेटीतलं नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी निम्मा कारखाना घरून डबा घेऊन आला. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापली ताटं आणली, नाव कोरलेली, लग्नात आलेली. आमचं ताट वेगळं धुवा, मशीनमध्ये टाकू नका, असं सांगून खिडकीत द्यायला लागले. मॅनेजरनं रामरावभाऊंना झापलं. रामरावभाऊंनी कपिलभाऊंना फोन केला. मशीन उचला, म्हणाले. कपिलभाऊ मला फक्त एवढंच म्हणाले, "हीटर वाचवला ना तुनं? शाबास." हीटर खरंच वाचला होता. तिसरा हीटर एकदम ठणठणीत होता.

मशीन सोडवायला मलाच पाठवलं. सोमवारपासून माझी जागा काउंटरवर, हेही त्याच फोनवर सांगून टाकलं.

मी गेले तेव्हा धुण्याच्या खोलीत दोन टप मांडले होते. एकात सोड्याचं गरम पाणी, एकात साधं. वच्छलाबाई पाटावर बसली होती. बाया वाढल्या नव्हत्या, त्याच दोघी होत्या. नव्या बाया द्यायला मॅनेजरनं नकार दिला होता. मी तिच्याशी बोलणार नव्हते. पाण्याचा पाइप सोडवला, वायर सोडवली, पायांचे बोल्ट ढिले करायला खाली बसले. तिनं एक ताट धुतलं, नळाखाली धरलं, पुसलं, बाजूला ठेवलं. मग दुसरं घेतलं. रॅकभर ताटं मशीन एका दमात काढायचं. मला राहवलं नाही.

"झालं ना समाधान? हेच पाह्यजे होतं ना तुमाले?"

तिनं ताट सोडलं. ओल्या हातानंच माझ्यापुढं आली आणि दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर धरले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून लाल झाली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं कडेनं पांढरी पडून उचलली होती.

"हे चार दिवसायचं हाय," ती म्हणाली. "मशीनच्या आंधी मले नखंच नोती. सोड्यानं खाल्लती. भाकर थापाले बसली का रडू येये. मशीन आलं अन् मले नखं आली. तुले काय वाटलं, मले मशीन नोको होतं?"

मी पाना खाली ठेवला.

"पेटीत काय फिरते ते मले पयल्याच आठवड्यात समजलं होतं. मले कायी वाटलं नाही, पन लोकायले समजलं तं मशीन एक दिवस राह्यनार नाही, हे मायीत होतं. म्हनून अंड्याचं पानी सोडत होतो, अन् कोनाले सांगत नोतो. ह्या दोघींले बी नाही सांगतलं. अन् तू... तुले मांगं बलावलं, तं तुले तमाशा पाह्यजे होता."

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. आली नाही. तिनं माझ्या आईबद्दल जे म्हटलं होतं ते मी विसरले नव्हते, आणि ती बरोबर होती याचा मला उलट जास्तच राग आला. तिचं आणि माझं, दोघींचं ज्या एका मशीनवर चाललं होतं, ते मी माझ्याच तोंडानं बाहेर घालवलं होतं. तिनं वर्षभर तोंड शिवून ते टिकवलं होतं, आणि माझ्याकडून पाच मिनिटं गप्प बसणं झालं नाही.

"पानी सोडाच्या आंधी फक्त बटन बंद कराचं होतं," मी म्हटलं. "येवढंच. मंग रोज सोडलं असतं तरी हीटर जळला नसता. कोनाले कायी समजलं नसतं."

"बटन बंद कराचं होतं," ती म्हणाली. "हे तू मले आता सांगून राह्यली."

मग ती जाऊन पाटावर बसली आणि तिनं दोन्ही हात सोड्याच्या पाण्यात घातले.